ऑक्टाव्हिया आरएस, मिनी की अबार्थ पुंटो: जाहिरात आणि डीलर पारखायचा कसा?

विश्रामबाग_आरपीएम

मंडळी, वापरलेली वेगवान गाडी घ्यायची आहे. कागद, टॅक्स आणि पहिली मोठी सर्व्हिस धरून बजेट २२ लाख. रोज विश्रामबाग ते मिरज एमआयडीसी, सुट्टीला आंबोली नाहीतर कास. तीन जाहिराती जशाच्या तशा उतरवतो:

१) "ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१८, एमएच-१४, फर्स्ट ओनर, ३४,००० किमी, कंपनी मेन्टेन्ड, नॉन-ॲक्सिडेंटल, टायर ८० टक्के. १९.५० लाख." पुणे भागातला मोठा डीलर, गूगलवर ४.८ तारे.

२) "मिनी कूपर एस, २०१६, केए पासिंग, ४१,००० किमी, डॉक्टर ओन्ड, अर्जंट सेल. १६.७५ लाख, एनओसी करून देऊ." कऱ्हाडचा डीलर. गाडी त्याच्याकडे 'पार्किंगला' आहे म्हणतो.

३) "अबार्थ पुंटो, २०१६, एमएच-१०, सेकंड ओनर, ५८,००० किमी, स्टेज १, बघताच घ्याल. ६.२५ लाख." सांगलीतच, थेट मालक.

यातलं खरं किती, डीलरच्या नावावर विश्वास किती ठेवायचा आणि बघायला जाताना सोबत काय न्यायचं?

घाटरस्ता_११

'डॉक्टर ओन्ड', 'बघताच घ्याल', 'अर्जंट सेल' हे शब्द आधी गाळून टाका. उरतं ते वर्ष, पासिंग, ओनर, किलोमीटर आणि फोटो. यातलं प्रत्येक दुसऱ्या कुणाच्या तरी दप्तरात नोंदलेलं असतं, तिथं जाऊन जुळवायचं.

'२०१८' म्हणजे उत्पादनाचं की नोंदणीचं? आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं. आरएस २३० आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये आली. त्यामुळे २०१७ ची गाडी २०१८ मध्ये पास झाली असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त भाव २०१७ चा लावायचा. 'फर्स्ट ओनर' कंपनी असेल तर पुढचा प्रश्न असा की चालवत कोण होतं.

'नॉन-ॲक्सिडेंटल' या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. विकणाऱ्याच्या तोंडी बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'एअरबॅग उघडली नव्हती' एवढाच. त्यासाठी मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि एनसीबीचा (क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा) आकडा बघा. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. सात वर्षांच्या गाडीच्या ताज्या पॉलिसीवर २० टक्के दिसले, तर त्याआधीच्या वर्षी क्लेम झालेला असण्याची शक्यता दाट. शून्य दिसला तर नुकताच क्लेम झालाय किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद पडली होती. मेख एवढीच की एनसीबी माणसाची असते, गाडीची नाही. जुन्या दुसऱ्या गाडीची ५० टक्के एनसीबी इथं आणून लावलेली असू शकते. म्हणून एकच पॉलिसी न बघता ओळीनं तीन बघायच्या.

फोटोंचं सांगतो. ओल्या गाडीचे फोटो म्हणजे पाण्याखाली रंगाचा फरक आणि बारीक ओरखडे गडप. मीटरचा फोटो नसेल तर किलोमीटर ही नुसती ऐकीव गोष्ट. मागचा डोंगरही बघा: एप्रिलमधल्या जाहिरातीत यवतेश्वरचा उतार हिरवागार दिसत असेल, तर फोटो निदान सहा महिन्यांपूर्वीचे आहेत आणि गाडी तेवढे दिवस कुणी उचललेली नाही. मग का उचलली नाही ते विचारायचं आणि भावही त्या बेतानं पाडायचा. फोटो टाकून उलटा शोध घ्या, तीच गाडी दुसऱ्या शहरात वेगळ्या किलोमीटरला सापडते का बघा. नंबर प्लेट झाकलेली असेल तर नंबर मागा. नंबर मिळाल्याशिवाय पुण्याला जाऊ नका.

नंबर मिळाला की वाहन पोर्टलवर कितवा ओनर, बोजा, विम्याची मुदत, काळ्या यादीची नोंद, आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर थकलेली चलनं. पाच मिनिटांचं काम.

लांबी_नको

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. स्वस्तातलं यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं, मिनी-ऑडीसारख्या गाड्यांत कुठे ॲल्युमिनियम लागलं तर दोन्ही धातू ओळखणारं हवं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३५० म्हणजे वरून पुन्हा रंग मारलाय. ५०० च्या पुढं गेलं की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

सगळ्या पत्र्याला एकसारखं २२० आलं तर घाबरू नका, पूर्ण रंगकाम झालेलं असतं. एकाच मागच्या क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरच्या पत्र्याला) ७०० आणि बाकी सगळीकडे १२० असेल, तिथं थांबायचं. दार आणि बोनेट बोल्टवर बदलता येतात, क्वार्टर पॅनेल, खांब आणि छत कापून जोडावे लागतात. बंपर प्लास्टिकचा, तिथं यंत्र लावून उपयोग नाही. फेंडर आणि बोनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालाय का ते नखानं बघा.

दोन्ही हेडलाइटच्या मागचे तारखेचे शिक्के आणि सगळ्या काचांवरचे कोडही जुळवा. एकच काच दोन वर्षांनी नवी असेल तर दगड लागला असेल. एकाच बाजूची काच, हेडलाइट आणि फेंडर तिन्ही नवे, तर दगड नव्हता.

कृष्णाकाठ

तिसऱ्या गाडीबद्दल. एमएच-१० आणि २०१६, म्हणजे या गाडीच्या काळात सांगलीनं ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन पूर बघितलेत. पहिला प्रश्न: त्या दोन्ही वेळी गाडी कुठं उभी होती? गावभाग, मारुती चौक, शामरावनगर असा पत्ता निघाला तर पाणी गेलंच असं नाही, पण नाही गेलं याचा पुरावा मालकानं द्यायचा. २०१९-२० आणि २०२१-२२ च्या पॉलिसी आवर्जून मागा. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांपुढं गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि सांगाडा विकते. असे सांगाडे धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. हल्ली आलिशान गाड्यांत मुंबई-चेन्नईचे पूरही लक्षात ठेवावे लागतात.

हातानं बघायचं ते असं. समोरचा सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. शेवटचा हातभर पट्टा कधी बाहेर येत नाही, म्हणून धुणाऱ्याच्या हाती लागत नाही. तिथं आडवी फिकट रेघ दिसली की पाणी तिथपर्यंत होतं. मग सीट पुढं सरकवून रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, डॅशबोर्डखालच्या स्क्रूची डोकी. कार्पेटची कड उचलून खालचा फोम चिमटीत धरा. कृष्णेचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो आणि फोममधून कधीच पूर्ण निघत नाही. एखादा कनेक्टर उघडून द्यायला मालक तयार असेल तर पिनांवर कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यावर येतो तसला हिरवा थर आहे का बघा. गाडी आज चालते आणि आठ महिन्यांनी लाइट, सेन्सर, एअरबॅग एकेक करून रुसतात ते यामुळं. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर, गिअर लिव्हरजवळ खालीच असतो, पाणी शिरलं की तो लवकर बुडतो.

एकच खूण दिसली तर निवाडा नको, गंज घामानंही येतो. तीन ठिकाणी दिसली तर निघा. काचा लावून एसी आतल्या हवेवर पाच मिनिटं चालवा. अत्तराचा घमघमाट मुद्दाम केलेला असतो, त्याखालचा कुबट वास तेवढ्या वेळात वर येतोच.

बाकी अबार्थ म्हणून गाडी छान. १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क. पण फियाटनं आपल्याकडचा कार-धंदा गुंडाळला. इंजिनचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेटमुळे मिळतात, बंपर आणि अबार्थच्या विंचू-चिन्हाचे अलॉय शोधत फिरावं लागतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून खर्च पकडा, बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

डीएसजी_मिरज

'स्टेज १' बद्दल कुणी बोललं नाही. स्टेज १ म्हणजे रिमॅप, इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं. त्यात टर्बोचा दाब आणि इंधन-इग्निशनची सेटिंग बदलतात. टॉर्क वाढतो, तो क्लचनं आणि गिअरबॉक्सनं सोसायचा असतो. विचारा: फाइल कुणाची, मूळ फाइल परत टाकता येते का, डाऊनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) बदललाय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलाय का आणि काढलेले मूळ भाग घरात आहेत का. मूळ भाग नसतील तर पीयूसीपासून विम्याच्या क्लेमपर्यंत सगळीकडे अडकाल. विमा कंपनीला न कळवलेला बदल हे क्लेम नाकारायला सोपं कारण असतं.

आता आरएस २३० चे ३४,००० किमी. यात २.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलतात. सर्व्हिसच्या बिलांत डीएसजी तेल बदलल्याची नोंद आहे आणि मीटर ३४,००० दाखवतंय, तर का बदललं ते विचारायचं. काळजी म्हणून लवकर बदलणारेही आहेत, पण मग बिलावर तेव्हाचं रीडिंग असलंच पाहिजे.

मीटर मागं फिरवणारा सहसा डॅशबोर्डचा आकडा बदलतो, बाकीचे युनिट विसरतो. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत एखादा फॉल्ट नोंदला गेला की त्या क्षणाचं रीडिंगही त्यासोबत साठतं. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन स्कॅनर लावून प्रत्येक युनिटचे जुने फॉल्ट उघडा. एबीएसमध्ये ७१,००० ला नोंदलेला फॉल्ट आणि मीटरवर ३४,००० असं दिसलं की पुढं बोलायचं काही राहत नाही.

सगळे युनिट अगदी चकचकीत रिकामे असतील तर तेही संशयास्पद. फॉल्टचे कोड पुसले की उत्सर्जनाच्या स्वतपासण्या 'अपूर्ण' दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नीट चालावी लागते. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' साध्या स्कॅनरवरही दिसतं. तिथं ९ किमी आलं तर पुसणाऱ्यानं सकाळीच काम उरकलंय.

टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ३४,००० ला टायरचा दुसरा संच असणं शक्य आहे, पुढच्या चाकांवर ताकद असलेली टर्बो गाडी जोरात हाणली की पुढचे टायर लवकर संपतात. तिसरा संच असेल तर नाही. आणि 'टायर ८० टक्के' म्हणताना टायर २०१८ चेच असतील तर नक्षी कितीही असो, रबर म्हातारं झालंय. चार टायरांचे पैसे भावातून वजा करा.

चाचणीला थंड इंजिनच हवं. सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीचा खडखडाट येतो का ऐका. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर गळतं, इंटेक मॅनिफोल्डच्या खाली वाळलेल्या कूलंटचे गुलाबी-पांढरे डाग टॉर्चनं शोधा. मग सपाट जागेत ब्रेक सोडा: गाडी गॅस न देता अलगद सरकली पाहिजे, धक्का देऊन नाही. डी-आर-डी पाचदा करा. चढावर दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना थरथर बघा. पोलो जीटीसारख्या सात गिअरच्या कोरड्या क्लचमध्ये हा त्रास जास्त आणि तिथं मेकॅट्रॉनिकचा (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा) खर्च मोठा. जाहिरातीत नुसतं 'डीएसजी' लिहिलेलं असतं, कुठला ते आपण विचारायचं.

गणपतीपेठ_जीटी

एवढा व्याप कशाला? डीलर नकोच, थेट मालकाकडून घ्या. डीलरचा मार्जिन वाचतो.

कागदवाले_काका

वाचतो खरा, पण मालकाकडून घेतलेल्या गाडीत उद्या खोट निघाली तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. डीलर धंदा करतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. प्रश्न डीलर कसा आहे हाच.

४.८ तारे बाजूला ठेवा. पाच तारेवाले रिव्ह्यू बहुतेक डिलिव्हरीच्या दिवशी, हार घातलेल्या गाडीसमोर उभं राहून लिहिलेले असतात. पेढा तोंडात असताना तक्रार कोण करतो? रिव्ह्यूंच्या शोधात 'आरसी', 'ट्रान्सफर', 'एनओसी', 'टोकन', 'रिफंड' हे शब्द दोन्ही लिप्यांत टाकून बघा. चार-सहा महिन्यांनी परत येऊन लिहिलेला रिव्ह्यू सोन्याचा. दोन-तीन तारेवाले नीट वाचा, तिथं माणूस रागात नसतो आणि खूशही नसतो. डीलरचं उत्तर 'कृपया ऑफिसला संपर्क करा' असं सगळ्यांना एकच असेल तर समजा. 'आरसी अमुक तारखेला पोस्टानं गेली' असं उत्तर देणारा डीलर निदान फाइल तरी ठेवतो.

मग कागद. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म २९बी, मुदत पाच वर्षं. ते भिंतीवर दाखवायला सांगा. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा असतो. तो झाला की आरटीओच्या लेखी डीलरच त्या गाडीचा मानीव मालक आणि एनओसी, ट्रान्सफर यांचे अर्ज तो स्वतः करू शकतो. तुमच्या कऱ्हाडच्या मिनीचा खरा प्रश्न इथं आहे. 'पार्किंगला आहे' म्हणजे बहुधा २९सी झालेला नाही, डीलर फक्त कमिशनवाला. बिल कमिशनचं मिळेल, गाडीचं नाही, आणि डीलरच्या 'वॉरंटी'ला टेकू राहत नाही. अशा वेळी आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय पैसे हलवू नका.

मिनीचा हिशेब पुढं करा. कूपर एस पूर्ण आयात होऊन आलेली गाडी. कर्नाटकातून कायमची आणली की बारा महिन्यांत इथली नोंदणी घ्यावी लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. आयात गाडीला दर २० टक्के, वयानुसार घट धरून. कर्नाटकातला परतावा मिळेल तेव्हा मिळेल, हिशेबात धरू नका. १६.७५ लाखाची गाडी दारात किती लाखाला पडते ते आरटीओतून काढून मगच भाव बोला. कमी टॅक्समुळे पुदुच्चेरी पासिंग केलेल्या महागड्या गाड्यांनाही हेच. मिनीत रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे), स्टेपनी नाही, टायरचं वय बघा.

डीलरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका: नाव बोर्डावरच्या नावाशी जुळतं का, नोंदणी कधीची, रिटर्न भरतोय का. जानेवारी २०२५ पासून वापरलेल्या गाडीवर डीलरला १८ टक्के लागतात, पण साधारणपणे ते त्याच्या मार्जिनवर. 'किमतीवर अठरा टक्के वेगळे' म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्सवर फर्मच्या नावानं शोधा. मोठ्या डीलरवर एखादा दावा असणारच. सगळे दावे 'आरसी नावावर केली नाही' असे असतील तर तो त्याचा धंद्याचा नमुना आहे.

विश्रामबाग_आरपीएम

सगळ्यांचे आभार. मिनी बाद. अबार्थवाल्यानं २०१९ च्या पॉलिसीचं नाव काढताच 'बघून सांगतो' म्हटलं, चार दिवस झाले. आरएसचा डीलर म्हणतो ५१,००० विसार द्या, नाहीतर गाडी जाईल. त्यानं '२०० पॉइंट तपासणी' अहवालही पाठवला. नंबर दिला. वाहन पोर्टलवर बँकेचा बोजा दिसतोय, जाहिरातीत उल्लेख नव्हता.

कागदवाले_काका

त्या अहवालावर चासी नंबर, तारीख, मीटर रीडिंग आणि तपासणाऱ्याची सही आहे का? नसेल तर ती जाहिरातच समजा, फक्त पानं जास्त.

विसार १० हजारांपुढं नको आणि पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर आणि 'तपासणीत किंवा कागदात खोट निघाल्यास सात दिवसांत पूर्ण परत' हे वाक्य हवं. रक्कम जीएसटीवरच्या नावाच्या खात्यात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. रोखीनं दोन लाख किंवा वर घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तसा आग्रह धरणाऱ्याकडून बिलही नीट मिळणार नाही.

बोजा असणं हा गुन्हा नाही, लपवणं वाईट. बँकेकडून कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र आणायला सांगा. तेवढी रक्कम तुम्ही थेट कर्जखात्यात भरा, उरलेली डीलरला. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना एकही रकाना कोरा नको. ताबा पावतीवर तारीख, वेळ, मीटर रीडिंग. त्या मिनिटानंतरची चलनं तुमची, आधीची त्यांची.

डीएसजी_मिरज

जाल तेव्हा आदल्या संध्याकाळी कळवा की सकाळी गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं आणि 'बॅटरी उतरली होती म्हणून जरा चालू ठेवली' असं ऐकू आलं, तर त्या दिवशी फक्त कागद बघा. इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी. मुक्कामाची तयारी ठेवूनच निघा.